नेपाळच्या हिरव्या डोंगरात जनावरांना चारा का पुरत नाही?

रानजाई
गेली काही वर्षं कामानिमित्त नेपाळात, पोखऱ्याच्या बाजूला राहते आहे. आमचं काम लमजुङ आणि स्याङ्जा जिल्ह्यांतल्या गावांमधल्या दूध संकलनाशी जोडलेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न रोज समोर येतो. इथे शेतीविषयी लिहिणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढते.

आषाढ-श्रावणात इथले डोंगर इतके हिरवे असतात की बांधावरचं गवत माणसाच्या डोक्यावर जातं. तेच गाव माघ ते वैशाखात बघावं. म्हशीपुढे नुसता पराल, म्हणजे भाताचा पेंढा, आणि दूध निम्म्यावर आलेलं. अभ्यासक वर्षाची तूट साधारण एक तृतीयांश सांगतात, पण ती बारा महिने सारखी नसते. चार महिने चारा उतू जातो आणि पुढे उपासमार.

माझं मत असं, की चारा कमी उगवतो हे खरं दुखणं नाही, तो साठवला जात नाही. त्यावर उपाय म्हणून भारतातून येणाऱ्या दाण्यावर, म्हणजे पशुखाद्यावर, अवलंबून राहणं वाढत चाललंय आणि ते मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडच्या डोंगरी भागात कोणी काय केलं आहे? मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून मुरवलेला हिरवा चारा, उतारावरच्या गावात जमेल का?

सह्यकडा
गवत साठवायचं तर ते वाळायला हवं ना ताई. जोरात वाढतं तेव्हा ऊन नाही. आमच्या मुरबाड-वाड्याकडे माळरानाचं गवत दसरा-दिवाळीला, पाऊस सरल्यावर कापतात, वाळवतात, गठ्ठे दाबतात आणि मुंबईच्या तबेल्यांना घालतात. तोवर ते जून झालेलं असतं, कस कमी. पण टिकतं. तुमच्याकडे अश्विन-कार्तिकात ऊन पडत असेलच की. मग तेव्हा का कापत नाहीत?

रानजाई
ऊन पडतं, उत्तम पडतं. पण तेव्हाच दसैं आणि तिहार (आपले दसरा-दिवाळी) येतात, आणि लगेच भाताची कापणी. घरात हात उरलेले नाहीत. तरुण मुलगे कतार, मलेशिया, दुबईला. गावात बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. भात सोडून गवत कोण कापणार?

वैरणकाडी
म्हणजे साठवण नाही, मनुष्यबळ हे दुखणं झालं. धाग्याचं शीर्षक बदला :)

पाणंद
मी काठमांडूत पाच-सहा वर्षं काढली आहेत, मनुष्यबळाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण 'हात उरले नाहीत' म्हटलं की ते कोणाचे हात हे मागे पडतं.

नेपाळच्या मधल्या डोंगरपट्ट्यात चारा ही जवळपास सगळी बाईची जबाबदारी आहे. पहाटे हँसिया म्हणजे विळा आणि डोको घेऊन निघायचं. डोको ही बांबूची निमुळती टोपली, पाठीवर. तिचा भार कपाळावरच्या नाम्लोवर, म्हणजे पट्ट्यावर, येतो. उतारावर खाली उतरून घास कापायचा आणि भरलेला डोको घेऊन तोच चढ चढायचा. कोरड्या दिवसांत गवत संपलं की झाडावर चढून फांद्या छाटायच्या. घासपाल्यासाठी झाडावर चढलेली बाई पडली, कड्यावरून घसरली, पाठीचा कणा मोडला, ही तिथल्या अस्थिरोग विभागांना नवी गोष्ट नाही. कण्याच्या दुखापतींत झाडावरून पडणं हे तिथलं एक मोठं कारण आहे.

त्यामुळे जी कोणती योजना निघेल तिला माझा पहिला प्रश्न हाच राहील, की यात त्या बाईच्या पाठीवरचा भार कमी होतो की वाढतो? मुरघासाचा खड्डा खणा, कुट्टी म्हणजे चाऱ्याचे बारीक तुकडे करा, तुडवा, झाका, हे सगळं परत तिच्याच वाट्याला येणार असेल तर ती करणार नाही. आणि तिचं बरोबर असेल.

डोंगरउतार
पाणंदताईंच्या प्रतिसादाला +१. आमच्या भोर-वेल्ह्याकडेही चुंबळ आणि भारा बाईच्याच डोक्यावर.

गाईगुरं
मी पशुवैद्यक, अकलूजकडे प्रॅक्टिस. एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने चितवन आणि पाल्पा पाहिलं आहे, त्यावरून थोडं.

नेपाळी शेतकऱ्याला चाऱ्याची झाडं जितकी कळतात तितकी आपल्याकडे कोणाला कळत असतील असं मला वाटत नाही. बारी म्हणजे कोरडवाहू पायऱ्यांची शेतं. त्यांच्या बांधांवर घराघराची मालकीची झाडं असतात: बडहर (आपल्या वड-फणसाच्या कुळातलं), टाँकी आणि कोइरालो (आपट्या-कांचनाची भावंडं), कुटमिरो, खन्यू, निभारो. कोणतं झाड कोणत्या महिन्यात छाटायचं हे ठरलेलं. बडहर राखून ठेवतात ते ऐन कोरड्या दिवसांसाठी आणि नुकत्याच व्यालेल्या म्हशीसाठी. पाल्पात एका आजींनी मला दोन पानं हातात देऊन फरक समजावला. एक पोसिलो, त्याने दूध-तूप वाढतं. दुसरा ओभानो, त्याने पोट भरतं, शेण घट्ट पडतं. प्रयोगशाळेत आपण पचनीयता आणि टॅनिन मोजतो, आजी शेण बघून सांगत होत्या.

आता साठवणीबद्दल. रानजाई, तुमच्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. साठवलेलं जून गवत आणि पेंढा यांत पोषणाचा फार फरक नाही. म्हैस पेंढ्यावर जगते, दूध देत नाही. त्यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे युरिया प्रक्रिया: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून थर देत शिंपडायचा आणि हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. प्रथिनं वाढतात, पेंढा मऊ होतो. उघडल्यावर वास उडू द्यायचा आणि हळूहळू सवय लावायची, वासरांना द्यायचा नाही. थंडीत ही क्रिया मंदावते, म्हणून डोंगरात जास्त दिवस धरावे.

रानजाई
डॉक्टर, युरियाचं वाचून इथले शेतकरी हात जोडतील. नेपाळात रासायनिक खताचा एकही कारखाना नाही, सगळं आयात. भाताच्या लावणीला खत मिळवायला लोक रांगा लावतात. पेंढ्यासाठी ४ किलो युरिया बाजूला काढ म्हटलं तर आधी धानाला टाकीन म्हणतील.

गाईगुरं
हे मान्य. मग पेंढ्याची कुट्टी करून त्यात ओला झाडपाला मिसळणं हाच स्वस्त मार्ग. शेंगवर्गीय पाला हवा. सुबाभूळ तिकडे इपिल-इपिल नावाने आहेच. एकूण चाऱ्यात पाव ते एक तृतीयांशाच्या वर नको, त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकाचा त्रास होतो.

पेंडवाला लातूरकर
धाग्यात भारतीय पशुखाद्याला खलनायक केलेलं दिसलं म्हणून लिहितोय. माझा व्यवसाय सोयापेंडीचा आहे. बिहारमार्गे नेपाळला माल गेलेला आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करा. डोंगरातली म्हैस आणि चितवनची कोंबडी हे दोन निराळे विषय आहेत. म्हैस पाला-पेंढ्यावर ओढेल. कोंबडीला मका आणि सोयापेंडच लागते. चितवन हे नेपाळच्या कुक्कुटपालनाचं मुख्य केंद्र आहे, खाद्याच्या गिरण्याही तिथे. नेपाळात मका भरपूर पिकतो, पण डोंगरातला मका घरच्या खाण्यात आणि घरच्या जनावरांत जातो. गिरणीपर्यंत पोचतो तो बहुतेक भारतातून आलेला. सोयापेंडीच्या भारतीय निर्यातीत नेपाळ आणि बांगलादेश हे कायमचे ग्राहक आहेत, कारण जवळ आहेत आणि ट्रकने माल जातो. तिथल्या लोकांना परवडणारं अंडं आणि चिकन मिळतंय ते या मालामुळे. त्याला 'धोका' म्हणणं मला पटत नाही.

रानजाई
लातूरकर दादा, खलनायक कोणालाच केलेलं नाही. धोका म्हणजे वाट एकच असणं. २०१५ चा अनुभव इथे अजून कोणी विसरलेलं नाही. एप्रिलमध्ये भूकंप. डोंगरातली घरं दगड-मातीची, जनावरं तळाशी किंवा शेजारच्या गोठ्यात, पेंढा आणि मका वरच्या माळ्यावर. घर पडलं की जनावर आणि त्याचा चारा एकाच ढिगाऱ्याखाली. आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला संविधान जाहीर झाल्यावर सीमेवर माल अडला, तो थेट फेब्रुवारी २०१६ पर्यंत. रक्सौल-वीरगंज हा मुख्य नाका बंद. लोकांना आठवतो गॅस आणि पेट्रोल, पण खाद्याच्या गिरण्यांचाही कच्चा माल अडला आणि कुक्कुटपालक हवालदिल झाले.

सीमापार
१९८९ मध्येही असंच झालं होतं. भारत-नेपाळ व्यापार आणि वाहतुकीचे करार मार्चमध्ये संपले आणि बहुतेक नाके बंद झाले. रॉकेल मिळेना म्हणून लोकांनी सरपणासाठी जंगल तोडलं. तेच जंगल चाऱ्याचंही होतं.

माणदेशी
ताई, मी माण तालुक्यातला, पाच संकरित गाई हायेत. तुमच्या नेपाळच्या शेतकऱ्याबद्दल वाईट वाटतं, पण जुलै २०२३ मधी केंद्रानं तेल काढलेल्या भाताच्या कोंड्याची निर्यात बंद केली ती आमच्यासाठी बरोबर होती. पेंडंचं पोतं दर महिन्याला वर जातंय आणि दुधाला दर न्हाई. राज्य सरकारला जानेवारी २०२४ मधी लिटरमागं ५ रुपये अनुदान सुरू करावं लागलं ते उगाच न्हाई. आमचाच कोंडा भायेर जाणार आणि आम्ही महाग पेंड घेणार, हे कसं?

पेंडवाला लातूरकर
माणदेशी दादा, कोंडा बंद करून तुमच्या पोत्याचा दर किती उतरला ते सांगा.

माणदेशी
उतरला न्हाई. पण उघडा ठेवला असता तर आणखी चढला असता.

पेंडवाला लातूरकर
दर चढायचं मोठं कारण मका आहे. २०२३ च्या शेवटी उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधनं आली आणि इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली. २०२४ मध्ये तर भारतानेच बाहेरून मका आणला, म्यानमारचा, युक्रेनचा. आपल्याच पोल्ट्रीवाल्यांना मका मिळेना तिथे नेपाळला कुठून स्वस्त मिळणार? आणि २०२१ आठवा. ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं, पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. शेतकरी खूश असतो तेव्हा कोंबडीवाला रडतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना हेच.

पाणंद
या वादात एक कोणी बोललं नाही. बंदीची अधिसूचना निघते त्या दिवशी भारतातल्या शेतकऱ्याला निदान आमदार-खासदार गाठता येतो. स्याङ्जातल्या बाईला दिल्लीत विचारणारं कोणीच नाही, आणि दर मात्र तिच्या दारात येतो. माणदेशी दादांचं दुःख खरं आहे, म्हणूनच त्यांना तिचंही कळेल असं वाटतं.

माणदेशी
कळतं ताई. २०१९ ला आमी दावणीची जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलोय म्हसवडकडं. गव्हाण रिकामी बघितलेला माणूस दुसऱ्याची रिकामी बघून हसत न्हाई. बंदी बरोबर म्हणतो, पण शेजारी देशाला ठरलेला कोटा ठेवायला पायजे, हे मान्य.

खर्कवाट
सगळे मधल्या डोंगरांबद्दल आणि तराईबद्दल, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्याबद्दल, लिहितायत, जरा वर चढू या. मी लांगटाङ, मनास्लू आणि डोल्पाच्या बाजूला ट्रेक केले आहेत.

तीन हजार मीटरच्या वर जनावर म्हणजे याक, चौंरी (याक आणि गाईचा संकर), मेंढ्या, घोडे. उन्हाळ्यात खर्कांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, आणि थंडीत खाली. हुम्ला-मुस्ताङकडचे कळप पूर्वी थंडीत सीमेपलीकडे तिबेटात जात, कारण पठारावर बर्फ कमी पडतं आणि वाळलेलं गवत उघडं राहतं. १९८० च्या दशकाअखेर ती कुरणं बंद झाली. तेव्हापासून तेवढाच कळप अलीकडच्या थोड्या कुरणावर. हुम्लात मेंढ्यांचे कळप घटले त्याचं हे एक मोठं कारण.

आणि खच्चरं! मनास्लूच्या वाटेवर घंटांचा आवाज आला की डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही. तांदूळ, सिमेंट, गॅस सगळं त्यांच्या पाठीवर. आणि त्या ओझ्यात काही पोती त्यांच्याच खाद्याची असतात. वर गवत नाही, म्हणून खच्चर स्वतःचा मका आणि चणे पाठीवरून नेतं. जितका लांबचा गाव तितकी पोती जास्त.

वैरणकाडी
म्हणजे डबा घेऊन कामाला जाणारं खच्चर. आमच्या विरार लोकलचे भाऊबंद :)

चक्कादही
लांगटाङचं याक चीज खाल्लंय का कोणी? १९५० च्या दशकात स्विस तज्ज्ञांच्या मदतीने तो कारखाना उभा राहिला असं वाचलंय. आणि ती छुर्पी, वाळवलेलं कडक चीज? अर्धा दिवस चघळली तरी संपत नाही.

खर्कवाट
खाल्लं आहे, क्याञ्जिन गोम्पाला. २०१५ च्या भूकंपात बर्फ-दगडांचा कडा कोसळून लांगटाङ गाव गाडलं गेलं, माणसांबरोबर याकही गेले. नंतर परत गेलो तेव्हा तिथल्या एका गोठवाल्याने सांगितलं की पैसे जमवून याक विकत घेता येईल, पण कुरणाच्या वाटा माहीत असलेला माणूस कुठून आणायचा.

सह्यकडा
सामुदायिक वनांबद्दल कोणी लिहा ना. नेपाळच्या जंगलांचं एवढं कौतुक ऐकतो, तिथे चारा मिळत नाही का?

पाणंद
मिळतो, नियमाने. १९९३ च्या वन कायद्याने गावाच्या वनसमूहांना जंगल सोपवलं, असे बावीस हजारांहून जास्त समूह आहेत. उघडे बोडके डोंगर परत झाकले गेले, हे डोळ्यांनी दिसतं. पण जंगल वाचवायचं म्हणजे पहिल्यांदा चराई बंद. ज्यांच्या बारीच्या बांधावर स्वतःची झाडं आहेत त्यांनी जनावर बांधून पोसलं. ज्यांना जमीनच नाही, त्यांतले बरेच दलित, त्यांनी गाई विकल्या आणि दोन शेळ्यांवर आले. बऱ्याच समूहांनी पुढे घासासाठी ठरावीक दिवस जंगल उघडलं. आणि दाट पाइनखाली गवत येत नाही. सुरुवातीला लागवड पाइनचीच जास्त झाली होती. चाऱ्याची झाडं लावा ही मागणी बायकांनी किती तरी ठिकाणी केली.

गाईगुरं
शिवाय वनमारा. आपल्या रानमोडीच्या नात्यातलं झुडूप, जनावर तोंड लावत नाही आणि कुरण गिळत जातं. वसंतात दुसरंच काही हिरवं नसतं तेव्हा भुकेल्या शेळ्या गुराँस आणि अँगेरीच्या पाल्याला तोंड लावतात, दोन्ही विषारी. फेस, ओकाऱ्या, थरथर. चारा असता तर शेळीने तिकडे पाहिलंही नसतं. टंचाईची विषबाधा म्हणतो मी हिला.

डोंगरउतार
मक्यावर लष्करी अळी आली का तिकडे? आमच्याकडे २०१८ पासून पिच्छा सोडत नाही.

रानजाई
आली. २०१९ मध्ये नवलपूरला पहिल्यांदा सापडली. आता सगळीकडे.

पेंडवाला लातूरकर
आणि रस्ता विसरू नका. चितवनची गिरणी ते काठमांडू-पोखरा हा माल नारायणगढ-मुग्लिङ रस्त्याने जातो, त्रिशूलीच्या काठाने. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दरड कोसळून दोन प्रवासी बस नदीत गेल्या तो हाच रस्ता. त्या सप्टेंबरअखेर पूर आला तेव्हा काठमांडूकडे येणारे सगळे महामार्ग तुटले. सीमा उघडी असून उपयोग काय, पोतं डोंगर चढत नाही. रानजाई ताई, एवढ्यापुरता तुमचा 'एकच वाट' मुद्दा मान्य करतो. पण वाटा वाढवा, माल बंद करू नका.

रानजाई
लातूरकर दादा, यावर आपलं जमलं. कोंबडीचा मका सीमेवरून यावा, म्हशीचा चारा बारीच्या बांधावरून. त्यासाठी बांध आत्ताच लावायला हवा. आता मूळ प्रश्नाकडे येते: मुरघास?

सह्यकडा
खड्डा नको. उतारावर पाणी झिरपून सडतो. आमच्याकडे पन्नास किलोच्या जाड प्लास्टिक पिशव्यांत लोक करतात. एक माणूस उचलू शकतो, एकेक पिशवी उघडायची, बाकीची बंद. उंदीर सांभाळा.

गाईगुरं
पिशवी बरोबर, पण नेपियर (चाऱ्याचं उंच गवत) एकटा नको, पाणी फार आणि साखर कमी. दिवसभर सुकवून मग कुट्टी, आणि मक्याची हिरवी ताटं मिसळली तर उत्तम. हिरवी मका जनावराला घालायला घर तयार आहे का ते आधी विचारा, कारण कणसं त्यांच्या जेवणातली आहेत. कणीस काढून घेतल्यावर जी हिरवट ताटं राहतात ती लगेच कुट्टी केली तरी चालेल.

मुरघासाच्याही आधी मी जई, म्हणजे ओट, सांगेन. भात निघाला की कार्तिकात त्याच ओलीवर पेरायची, माघात पहिली कापणी, परत फुटते. ऐन टंचाईच्या तोंडावर हिरवं. नेपियर साधारण दीड हजार मीटरपर्यंत ठीक, त्यावर थंडीत थांबतो. दोन हजारांवर पांढरा क्लोव्हर आणि रायगवत.

पाणंद
जई कापायला घराजवळच्या शेतात जावं लागतं, कड्यावर नाही. मला हे पटलं.

माणदेशी
बांधावर लावायला नेपियरची कांडी पायजे असतील तर सांगा ताई. फुले जयवंत जात हाय माझ्याकडं, आणि उरुळीकांचनच्या बायफ संस्थेच्या जातीबी हायेत वळखीच्याकडं. पैसं नकोत.

रानजाई
दादा, मनापासून आभार. पण रोपं-कांड्या सीमेपलीकडे अशा नेता येत नाहीत, दोन्हीकडचे विलगीकरणाचे (क्वारंटाइनचे) कागद लागतात. इथे नेपियर आहे, सरकारी फार्मवर कांड्या मिळतात. अडतं ते कुट्टीपाशी. विळ्याने कुट्टी करायची म्हणजे पाणंदताईंनी लिहिलं तेच, आणखी एक काम बाईच्या अंगावर. विजेचं यंत्र सगळ्या गावांत चालत नाही. हाताचं चाकाचं कुट्टी यंत्र डोंगरावर नेण्याचा अनुभव कोणाला आहे का? बिडाचं चाक फार जड असतं.

डोंगरउतार
आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत नेलं होतं. चाक, पाती, तोंडाची पेटी आणि पाय असे चार भाग सुटे होतात. चाकाच्या भोकातून बांबू घालून दोघांनी खांद्यावर घ्यायचं, उतरताना पुढचा माणूस उंच बघायचा. बोल्ट आणि पाती जास्तीची न्या, वर गेल्यावर तीच मिळत नाहीत. आणि घरटी एक नको, पाच-सहा घरांत मिळून एक, पाण्याच्या जागेजवळ बसवा. सगळ्या तिथे येतातच.

रानजाई
हे करून बघते. जईचं बियाणं दूध संकलनाच्या गटातूनच वाटता येईल. येत्या कार्तिकात पेरणी झाली की कुठे जमलं, कुठे नाही ते इथेच लिहीन. डॉक्टर, बियाणं रोपनीला, म्हणजे दर अर्ध्या हजार चौरस मीटरला, किती धरू?

गाईगुरं
हेक्टरी १०० किलो धरतात, म्हणजे तुमच्या रोपनीला साधारण पाच किलो. फोकून पेरणार असाल तर थोडं वाढवा.